पायदळाला अधिक एक

कोलकात्याला बदली झाली तेव्हा लोकांनी मला घामाची भीती घातली, मोहरीच्या तेलाची घातली, माशांच्या काट्यांची तर घातलीच घातली. पण कोलकात्यालाच आपली भीती वाटत असेल, हे कुणी बोललं नव्हतं.

बागबाजारात खोली बघायला गेलो तेव्हा दलाल म्हणाला, "पत्ता सोपा आहे. मराठा डिच लेनच्या जवळ." त्यातला ‘मराठा’ तेवढा मला ऐकू आला. साताऱ्याचा माणूस, परमुलूख, आणि गल्लीच्या पाटीवर आपलं नाव! भाड्यात घासाघीस न करता मी होकार दिला. संध्याकाळी पाटीखाली उभा राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लगेच भगवे झेंडे पाठवले, एकूण चौदा. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी चहाबरोबर खुलासा केला, की डिच म्हणजे खंदक. आणि तो मराठ्यांनी खणलेला नसून मराठ्यांसाठी खणलेला आहे. मच्छरदाणी डासांसाठी असते, त्या अर्थानं ‘साठी’.

काकांना मी हे अजून कळवलेलं नाही.

घरमालक तीन. बोडदा, मेजदा आणि छोटदा. ही नावं नव्हेत. थोरले, मधले आणि धाकटे दादा, इतकाच अर्थ. खरी नावं विजेच्या बिलावर असावीत. बोडदा हिशेबतपासणीतून निवृत्त झालेले, म्हणजे पगार थांबला, तपासणी चालू. मेजदा होमिओपॅथीची औषधं देतात. छोटदा शाळेत गणित शिकवतात आणि अविवाहित आहेत. लग्न सुखाचं होण्याची शक्यता त्यांनी आधीच काढून पाहिली होती म्हणे. बोडदांची पत्नी ती बौदी. घरातल्या सगळ्या सेनापतींची सरसेनापती.

पहिल्याच रविवारी मला खाली बोलावणं आलं. मधल्या खोलीत एक जुना तक्तपोश, म्हणजे लाकडी पलंग आहे, सहा फूट बाय चार फूट. त्यावर हिरवी चादर, चादरीखाली पुस्तकं घालून केलेल्या टेकड्या, निळ्या रिबिनीची भागीरथी, भांडी घासायच्या स्पंजाची केळीची बाग आणि या सगळ्यात अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचे शे-दीडशे मातीचे सैनिक. कुमारटुली इथून चालत दहा मिनिटांवर. तिथल्या एका कारागिराकडून दुर्गेच्या मूर्तीतून उरलेल्या मातीत ते करून घेतलेले. त्यामुळे नवाबाच्या प्रत्येक शिपायाचे डोळे लांबट, कमळासारखे आणि चेहऱ्यावर महिषासुराला क्षमा केल्याचा भाव.

"युद्धखेळ," बोडदा म्हणाले. "साल १७४२. आम्ही नवाब अलीवर्दी खान. तुम्ही बर्गी. मराठे स्वार."

"मीच का?"

"तुम्ही आहातच, तर."

हा खेळ म्हणजे सोंगट्यांचाच मोठा भाऊ. पट्टीनं इंच मोजून सैन्य पुढं सरकवायचं, फासे टाकून गोळी लागली की नाही ते ठरवायचं, लागली तर सैनिक वाचला का यासाठी पुन्हा फासा टाकायचा. मोठ्या माणसांनी असं खेळावं का, असा प्रश्न पडेल. पण हे काम प्रशियाच्या लष्करानं अगदी गंभीर चेहऱ्यानं केलेलं आहे. राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी तो खेळ रचला, मुलाचे नियम १८२४ साली छापले गेले आणि अधिकारी त्यावर लढाई शिकू लागले. पुढं एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून हा खेळ दिवाणखान्यात आणला. वेल्स स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं खरोखर सैनिक पाडत असे. आमच्याकडं ती सोय नाही, कारण समोर बौदींचं काचेचं कपाट आहे.

बोडदांना मात्र प्रशिया मान्य नाही. त्यांच्या मते सगळं बंगालमध्ये आधीच झालेलं असतं. या बाबतीत त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. सोळाव्या शतकातल्या नवद्वीपच्या रघुनंदन पंडितांच्या ‘तिथितत्त्वा’त चार सैन्यांच्या, फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचं वर्णन आहे. त्यात राजा, हत्ती, घोडा आणि प्यादी आहेतच, शिवाय एक नौकाही आहे. ती नौका आजही बंगाली बुद्धिबळातून उतरलेली नाही. आपला हत्ती जिथं कोपऱ्यात उभा असतो तिथं त्यांची होडी असते, आणि आपल्या उंटाच्या घरात त्यांचा हत्ती. पहिल्यांदा छोटदांबरोबर बुद्धिबळ खेळलो तेव्हा ते म्हणाले, "तुमचा हत्ती तिरका चालतो." मी म्हटलं, "हत्ती सरळच चालतो, तिरका चालतो तो उंट." ते म्हणाले, "बंगालमध्ये उंट आहेच कुठं?" मी विचारलं, "आणि पटावर पाणी आहे कुठं?" तो डाव तिसऱ्या खेळीवर थांबला आहे.

दोन्हीकडं सारखं एकच : प्यादं. आपण प्यादं म्हणतो, ते बोडे म्हणतात; मरतं दोन्ही भाषांत आधी तेच.

पहिल्या रविवारीही तेच झालं. नवाबाचे चोवीस पायदळ शिपाई वर्धमानजवळच्या माळावर उभे, माझे बारा घोडेस्वार. चाळीस मिनिटांत माळ रिकामा. कमळासारखे डोळे छताकडं लावून नवाबाचं सैन्य आडवं पडलं होतं. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं, तर तिन्ही भावांचे चेहरे असे, की मी घरातलंच कुणी मारलं आहे. बौदींनी चहा आणला, त्यात त्या दिवशी माझ्याच कपात साखर नव्हती.

"नियम चुकला आहे," बोडदा म्हणाले. "पायदळाला बचावाला काहीतरी हवं. आडोशाला उभं असेल तर फाशात अधिक एक."

मागणी रास्त होती. उघड्यावरच्या शिपायाला गोळी लागली तर पाच किंवा सहा पडल्यावर तो वाचायचा. आता केळीच्या बागेत असला तर चार पडले तरी वाचेल. मी कबूल झालो. पुढचे दोन रविवार मात्र ‘आडोसा म्हणजे काय’ यात गेले. केळीचं पान गोळी अडवतं का? अडवत नाही, पण नेम चुकवतं. अर्धा माणूस बाहेर असेल तर? मेजदा तक्तपोशाला गाल टेकून, एक डोळा मिटून, शिपायाच्या उंचीवरून माझ्या घोडेस्वाराकडं बघायचे आणि रोग्याची जीभ बघितल्यासारखे सांगायचे, "फक्त टोपी दिसते." मग टोपीला गोळी लागली तर माणूस मेला की टोपी, यावर मतदान. मी एकटा, ते तिघं.

त्यानंतरच्या रविवारी खंदक आला. खंदकातल्याला आणखी अधिक एक. मग मेजदांना आठवलं, की खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की शिपायाला धीर येतो. रांगेला अधिक एक. शेवटी बोडदांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून चौथी मागणी केली. "हे शिपाई स्वतःच्या मातीत उभे आहेत. मातृभूमीचा अधिक एक."

मी म्हटलं, "स्वतःच्या मातीत उभे नाहीत, कुमारटुलीच्या मातीचे आहेत."

"म्हणजे दोन द्यायला हवेत," बोडदा म्हणाले.

छोटदा तोवर गप्प होते. ते उठले, बारा सैनिक एका ओळीत मांडले आणि वहीत लिहू लागले. वर्गात मुलं त्यांचं कसं ऐकत असतील ते मला तेव्हा कळलं. आम्ही तिघंही हाताची घडी घालून बसलो.

"निम्म्या गोळ्या लागतात, निम्म्या चुकतात," ते म्हणाले. "उघड्यावरचे बारा शिपाई मारायला सरासरीनं छत्तीस गोळ्या लागतात. अधिक एक दिला की अठ्ठेचाळीस. म्हणजे बारा जास्त. अधिक दोन दिले की बहात्तर. म्हणजे आणखी चोवीस. अधिक तीन दिले की एकशे चव्वेचाळीस. आणि अधिक चार दिले..." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अधिक चार दिले तर जगातल्या सगळ्या गोळ्या संपल्या तरी एकही मरत नाही. फासा टाकायचं कारणच नाही."

मला नीट कळावं म्हणून त्यांनी बौदींच्या बटव्यातून नाणी आणली. पहिला रुपया दिला तेव्हा गरिबाच्या ताटात थोडी डाळ पडली. तिसरा रुपया दिला तेव्हा तोच माणूस दुप्पट श्रीमंत झाला. रुपया तोच, पण कितव्यांदा दिला यावर त्याची किंमत. मी बँकेत आहे. चक्रवाढ व्याज मला समजतं. फक्त ते फाशातही लपलेलं असतं, हे ठाऊक नव्हतं. प्रत्येक मागणी सुटीसुटी ऐकली तर रास्तच होती. चारही मान्य केल्या आणि शिपाई अमर झाले. आमच्या बँकेत भत्तेही असेच मागितले जातात. फक्त तिथं अमर कुणी होत नाही.

"छान," बोडदा म्हणाले. त्यांनी निष्कर्ष तेवढा ऐकला होता.

चारही ‘अधिक’ लागू झाल्यावरचा रविवार मी विसरणार नाही. नवाबाचं सगळं पायदळ केळीच्या बागेत, खंदकात, रांगेत, मातृभूमीत. माझे घोडेस्वार समोर. साडेतीन तास झाले, एकही फासा पडला नाही. मी पुढं जाईना, ते बाहेर येईनात. आणि गंमत अशी, की तिघंही भाऊ अत्यंत खुशीत. कोलकात्याला अड्डा, म्हणजे गप्पांचा फड, जमवायला हालचाल लागत नाही, उलट हालचाल नसली तर अड्डा जास्त जमतो. इलिश मासा श्रेष्ठ की चिंगडी कोळंबी, इथून सुरुवात झाली आणि गाडी १९११ वर आली. तिथं ती रोज येते. त्या वर्षी २९ जुलैला मोहन बागाननं फुटबॉलच्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन-एकनं हरवलं. ती खरीखुरी गोऱ्यांची पायदळ पलटण. आणि तिला हरवणाऱ्या अकरा जणांत एक सोडून बाकीचे अनवाणी. "पायदळ म्हणजे हे!" मेजदा ओरडले. "पायात बूट नाही, अधिक एक नाही, आडोसा नाही. मैदानाच्या मधोमध!"

"मग तुमचे शिपाई का येत नाहीत मधोमध?" मी विचारलं.

"त्यांना यायचं कारण काय? बघा ना, बचाव कसा अभेद्य झाला आहे."

"मग मला तरी यायचं कारण काय?"

खोलीत शांतता पसरली. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला. बौदी तिथूनच म्हणाल्या, "तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही हेच केलं होतं."

बौदींचं म्हणणं खरं होतं. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालमध्ये उतरले आणि कलकत्त्याच्या रहिवाशांची झोप उडाली. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी घेऊन, स्वतःच्या खर्चानं, शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा. सहा महिन्यांत तीन मैल झाला. मग लोकांनी मान वर करून पाहिलं तर बर्गी आलेलेच नव्हते. ते नदीपलीकडं, बरंच लांब, आपलं काम करत होते. खणणाऱ्यांनी फावडी खाली ठेवली. उरलेला खंदक कधी झालाच नाही, आणि मराठे कधी आलेच नाहीत. कलकत्त्याच्या माणसाला मात्र इंग्रजीत ‘डिचर’ म्हणजे खंदकवाला हे टोपणनाव चिकटलं. पुढं १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला. मी रोज ज्या बसला लोंबकळत कचेरीत जातो, ती माझ्या पूर्वजांच्या भीतीवरून धावते.

त्या तीन मैलांतही एक वळण आहे. खंदक सरळ जायचा तो हालसीबागानपाशी बाजूला वळवला, कारण तिथं अमीचंद या बड्या सावकाराची आणि गोविंदराम मित्रांची बाग होती, आणि ती आत यायला हवी होती. बोडदा हे सांगताना अवघडतात. मी म्हटलं, "मातृभूमीचा अधिक एक मी समजू शकतो. पण सावकाराच्या बागेचा अधिक एक कुठल्या नियमात बसतो?" ते म्हणाले, "नगरपालिकेच्या." इथं मात्र आम्हा दोन्ही प्रांतांचं पहिल्यांदा एकमत झालं.

ज्याच्यासाठी खंदक खणला तो आला नाही. जो आला, तो चौदा वर्षांनी आला. जून १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौला कलकत्त्यावर चालून आला. खंदकाच्या उत्तर टोकाला, इथं बागबाजारातच, पेरिनची गढी होती. तिथल्या मूठभर लोकांनी १६ जूनला नवाबाच्या सैन्याला असं झोडपलं, की कुठल्याही नियमपुस्तकात ते आदर्श पायदळ ठरावं. मग नवाबाच्या लोकांनी डोकं लढवलं. खंदक अपुरा आहे, पूर्वेला त्यावरून यायला वाटा आहेत. ते तिकडून आले. २० जूनला इंग्रजांचा किल्ला पडला.

"म्हणजे बचाव समोरून एक पडला तरी मरत नाही असा होता," छोटदा हळूच म्हणाले, "आणि बाजूनं शून्य."

हे वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं. आमच्या नव्या नियमांचा जन्म तिथं झाला.

त्या आठवड्यात मी अभ्यासाला लागलो. आपली बाजूही माहीत असावी म्हणून गंगाराम नावाच्या कवीचं अठराव्या शतकातलं ‘महाराष्ट्र पुराण’ मिळवलं. नाव वाचून मला वाटलं, निदान एका बंगाली माणसानं तरी आपलं माहात्म्य गायलं. चार पानं छोटदांकडून वाचून घेतली आणि पुस्तक मिटलं. गावं जाळल्याचं, लोक लुटल्याचं, पळणाऱ्या बायकापोरांचं ते वर्णन आहे. शाळेत आपल्याला अटकेपार झेंडा शिकवतात. बंगालमधल्या कटव्यापार काय केलं हे शिकवत नाहीत. इथं मात्र पोरांना झोपवायच्या गाण्यात बर्गी अजून येतो. आपल्याकडं बागुलबुवा असतो. त्यांचा बागुलबुवा आडनावासकट आपला आहे.

तरी बंगाली माणूस मन मोठं करून शिवाजी महाराज वेगळे ठेवतो. त्यांचा उत्सव याही शहरात होऊ लागला तेव्हा रवींद्रनाथांनी १९०४ साली त्यावर कविता लिहिली. महाराज ते महाराज. बर्गी ते बर्गी. हा शब्दही आपल्या ‘बारगीर’वरून आला. शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, बारगिराला घोडा सरकारी मिळतो. म्हणजे मूळचा बर्गी हा कंपनीची गाडी मिळालेला फिरतीवरचा वसुली अधिकारी. बँकेत माझं काम काय आहे, हे मी त्या घरात अजून सांगितलेलं नाही.

पण अभ्यासात एक गोष्ट हाती लागली. बर्गी लढाई जिंकायला आलेच नव्हते. ते चौथ घ्यायला आले होते. आम्ही इतके रविवार ‘शेवटचा शिपाई मरेपर्यंत’ खेळत होतो. मग जो कमी मरतो तो जिंकणार, म्हणून जो तो खंदकात बसणार. रोग फाशात नव्हता. कशासाठी लढायचं तेच चुकीचं लिहिलं होतं.

पुढचे चार रविवार नियम घडवण्यात गेले. पहिला नियम छोटदांचा : अधिकांची बेरीज नाही. आडोसा, खंदक, रांग यांतलं जे सगळ्यात मोठं ते एकच घ्यायचं, आणि एक पडला की शिपाई मेलाच. मातृभूमी वगळली, त्या दिवशी बोडदा जेवले नाहीत. दुसरा नियम मेजदांचा, कारण त्यांच्या औषधातही गुण आणि पथ्य बरोबर असतात : प्रत्येक बचावाला पथ्य. खंदक खणायला दोन पाळ्या लागतील, त्या वेळात गोळी झाडता येणार नाही आणि खंदक फक्त समोरून वाचवील. चौकोन करून संगिनी रोखल्या तर घोडा बिचकेल, अधिक दोन; पण त्याच दाटीत तोफेचा गोळा पडला तर दोघांऐवजी चौघं जातील आणि चौकोनाला पळता येणार नाही. घोड्याला चौकोन भारी, चौकोनाला तोफ भारी, तोफेला घोडा भारी. दगड-कागद-कात्रीच ती, फक्त कपडे अठराव्या शतकातले.

तिसरा नियम माझा. पटावर पाच गावं, प्रत्येकात धान्याची एक गोणी. बर्ग्यानं एकही शिपाई न मारता दोन गोण्या पटाबाहेर नेल्या तर तो जिंकला. मात्र गोणी घेतलेला घोडा बारा इंचांऐवजी सहाच इंच चालेल. पायदळही सहा इंच चालतं. म्हणजे खंदकात बसलेला शिपाई सुरक्षित आहे, पण त्याच्या डोळ्यांदेखत गोणी चालली आहे; आणि तो बाहेर पडला तर तिला गाठू शकतो. बसायलाही कारण, उठायलाही कारण. इतके दिवस आम्ही शिपायाची कातडी जाड करत होतो, त्याला उंबरठा ओलांडायला कारण कुणी दिलं नव्हतं.

बोडदांनी तपासनिसाच्या सवयीनं दोन हरकती घेतल्या. पहिली, पूजेच्या दिवसांत लढाई नको. मी म्हटलं, आमची हरकत नाही, पण इतिहास तपासा. १७४२ च्या शरदात भास्करपंतांनी कटव्याजवळ दाँइहाट इथं दुर्गापूजा मांडली होती आणि ऐन पूजेत नदी ओलांडून हल्ला केला तो तुमच्या अलीवर्दीनं. बोडदांना हे ठाऊक होतं. ते फक्त मला ठाऊक आहे का, हे बघत होते. दुसरी हरकत मात्र बिनतोड निघाली. १७४३ मध्ये नवाबानं रघुजींविरुद्ध खुद्द नानासाहेब पेशव्यांशीच हातमिळवणी केली आणि खर्चापोटी बावीस लाख कबूल केले. "म्हणजे मराठ्यांपासून बचाव करायचा सगळ्यात चांगला नियम," बोडदा म्हणाले, "दुसरा मराठा." मी मान खाली घातली. तेव्हापासून आमच्या खेळात बावीस गुणांचं पेशवा-पान आहे. ते बाहेर आलं, की माझे घोडे माझ्याच घोड्यांशी भांडू लागतात. या नियमाची चाचणी घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही.

नव्या नियमांचा पहिला डाव झाला तेव्हा साडेतीन तास कसे गेले कळलं नाही. इलिश-चिंगडी राहून गेली. १९११ निघालाच नाही. पहिली गोणी मी नेली, दुसऱ्या गोणीच्या मागं नवाबाचे सहा शिपाई खंदक सोडून धावले, मी बाजूनं घोडे घातले, त्यांनी चौकोन केला, मी तोफ वळवली; आणि मेजदांनी तक्तपोशाला गाल टेकून सांगितलं, की तोफेपुढं केळ आहे. एक इंचानं मी हरलो. हरल्यावर टाळ्या मी वाजवल्या. बोडदा मेलेल्या शिपायांना एकेक करून उचलून डब्यात निजवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच असा भाव होता, की ही पोरं काहीतरी करून मेली.

त्या रात्री आम्ही फाटकापाशी बोलत उभे होतो. मी म्हटलं, "एकूण तुमचं शहर बचावात कमनशिबी. खंदक खणला, तर कुणी आलं नाही. प्लासीच्या लढाईनंतर नवा फोर्ट विल्यम बांधला, तोफांना समोर काही आडवं येऊ नये म्हणून अख्खं मैदान मोकळं ठेवलं, तर त्याच्यावरही कुणी चालून आलं नाही. आता तिथं बकऱ्या चरतात आणि पोरं फुटबॉल खेळतात."

छोटदा हसले. "पेपर वाचत नाही का तुम्ही? २०२५ मध्ये आलं होतं, लष्करानं फोर्ट विल्यमचं नाव बदललं. विजयदुर्ग. तुमच्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. सेंट जॉर्ज दरवाजा होता ना, तो आता शिवाजी गेट."

मी गारच पडलो. पावणेतीनशेहून जास्त वर्षं. खंदक, गढी, मैदान, तोफा. आणि आपण आत गेलो ते एका आदेशाच्या कागदावरून. घोडा नाही, गोणी नाही.

बोडदा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आदेशापासून बचावाला किती अधिक द्यायचे?"

"तिथं फासाच टाकता येत नाही," मी म्हटलं. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ते लगेच पटलं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात आतून बौदींचं गुणगुणणं ऐकू आलं. बोडदांची नात, जिला सगळे खुकू म्हणतात, झोपायला तयार नव्हती. वय साडेतीन. बौदी तेच गाणं म्हणत होत्या, बर्गीचं. गाणं एकाएकी थांबलं. दोन पावलांचा आवाज आला आणि खुकू दारात उभी राहिली. हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट.

"बर्गी कुठंय?" तिनं विचारलं.

तिन्ही आजोबांनी एकाच वेळी माझ्याकडं बोट केलं. तिघांचं इतकं पूर्ण एकमत मी त्या घरात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, लुंगी, हातात इंचाची पट्टी. आडोसा नव्हता, खंदक नव्हता, रांग नव्हती. अंगणात मी अगदी उघड्यावर उभा होतो. ती विचारात पडली. मग तिनं बिस्किटाचा एक कोपरा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

चौथाई भरली नसती, सव्वा इंचसुद्धा नव्हता तो. पण बँकेतल्या माणसाला अंशतः भरणाही नाकारता येत नाही. मी वाकून तिचे आभार मानले आणि तो तुकडा मुठीत धरून जिना चढू लागलो. लूट घेतलेला बर्गी सहाच इंच चालतो, हा माझाच नियम. खालून छोटदा पायऱ्या मोजत होते.